नेमणूकपत्रात नसलेली कलमे

राष्ट्रीयीकृत बँकेत नव्याने रुजू होणाऱ्या कारकुनाच्या किंवा अधिकाऱ्याच्या हाती जे नेमणूकपत्र पडते, त्यात वरवर पाहता सारे काही असते. वेतनश्रेणी असते, महागाईभत्ता असतो, परिविक्षेचा कालावधी असतो, बदलीची अट असते आणि गैरवर्तनाबद्दल होऊ शकणाऱ्या शिक्षेचा उल्लेखही असतो. त्या कागदावर सही करणारा तरुण मात्र कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी गृहीत धरून सही करीत असतो. आईवडील थकले म्हणजे आपल्याला गावाजवळची शाखा मिळेल, गणपतीत घरी जाता येईल, आपण सचोटीने वागलो तर अडचणीच्या वेळी साहेब आपली बाजू घेतील, आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, हे त्याने मनाशी धरलेले असते. बँकही काही गोष्टी गृहीत धरते. मार्चअखेरीस हा माणूस घड्याळाकडे पाहणार नाही, रोकडीत पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत जागचा उठणार नाही, आणि शाखेतली भांडणे शाखेबाहेर नेणार नाही, अशी तिचीही अपेक्षा असते. नोकरी प्रत्यक्षात चालते ती या दोन याद्यांवर. आणि गंमत अशी की, एकाची यादी दुसऱ्याने कधी पाहिलेलीच नसते.

याचा पुरावा कामगार चळवळीच्या अनुभवातच सापडतो. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचे एक जुने आणि परिणामकारक हत्यार आहे. या आंदोलनात कर्मचारी एकही नियम मोडत नाहीत. उलट प्रत्येक नियम अक्षरशः पाळतात. परिणाम असा होतो की, टपालाच्या थैल्या साचतात, गाड्या उशिरा धावतात आणि बँकेच्या खिडकीपुढील रांग रस्त्यापर्यंत पोहोचते. नियम तंतोतंत पाळल्याने जिथे काम ठप्प होते, तिथे एरवीचे काम केवळ नियमांच्या आधाराने चालत नव्हते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

अर्थशास्त्राला उशिरा उमगलेली गोष्ट

श्रम ही एक वस्तू आणि वेतन ही तिची किंमत, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके दीर्घकाळ शिकवीत आली. परंतु गहू विकणारा गव्हासोबत स्वतः जात नाही. श्रम विकणाऱ्याला जावे लागते. हर्बर्ट सायमन यांनी १९५१ साली हा भेद नेमकेपणाने मांडला. नोकरी पत्करणारा माणूस ठराविक काम विकत नाही; काही मर्यादेत दुसऱ्याची आज्ञा पाळण्याचे तो मान्य करतो, आणि कोणती आज्ञा मिळेल हे त्या क्षणी दोघांनाही माहीत नसते. ही मर्यादा कोठे संपते, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

क्रिस आर्गिरिस यांनी १९६० साली या न लिहिलेल्या भागाला ‘मानसिक करार’ असे नाव दिले. दोन वर्षांनी हॅरी लेव्हिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना अधिक विस्ताराने मांडली. पुढे १९८९ साली डेनिस रूसो यांनी तिला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. हा करार दोन पक्षांच्या मध्ये नसतो, तो प्रत्येकाच्या मनात असतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे एकाच कचेरीत वीस माणसे असतील तर तिथे वीस करार असतात. आणि आपला करार समोरच्यालाही मान्य आहे, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते.

अर्थशास्त्रज्ञांपैकी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९८२ साली या प्रश्नाला हात घातला. २००१ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने आधार घेतला तो एका साध्या पाहणीचा. अमेरिकेतील एका कंपनीत ग्राहकांनी भरलेल्या रकमांची नोंद करणाऱ्या तरुणींचा जॉर्ज होमन्स या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला होता व तो १९५४ साली प्रसिद्ध झाला होता. तासाला ३०० नोंदी व्हाव्यात, अशी कंपनीची अपेक्षा होती; प्रत्यक्षात सरासरी ३५३ नोंदी होत. अधिक कामाबद्दल अधिक पगार मिळत नव्हता. मग या जादा ५३ नोंदी कशासाठी? अ‍ॅकरलॉफ यांचे उत्तर असे की, ती एक भेट होती. आणि हात मंद असलेल्या मुलीशी कठोरपणे न वागून कंपनीही आपल्या बाजूने भेटच देत होती.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. लग्नातला आहेर कोणत्याही कायद्यात बसत नाही. तो स्वखुशीचा असतो, पण त्याचा हिशेब दोन्ही घरी चोख राहतो, आणि परतीचा आहेर तोलामोलाचा नसेल तर त्याबद्दल कोणी दावा लावीत नाही; फक्त येणेजाणे कमी होते. नोकरीतले बिनसणे बहुतांशी याच जातीचे असते. राजीनामा क्वचित येतो, तक्रार त्याहून क्वचित. माणूस कचेरीत येत राहतो आणि ३५३ नोंदींच्या ठिकाणी ३०० करू लागतो.

एक मौन, अनेक अर्थ

आहेराची रीत चालते, कारण दोन्ही घरांना ती ठाऊक असते. रीतीच निरनिराळ्या असतील तर काय होते, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक बँकांइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. यांतील बहुतेक बँका कोणत्या ना कोणत्या मातीत उगवलेल्या होत्या. कॅनरा बँक १९०६ साली मंगळूरला, आंध्र बँक १९२३ साली मच्छलीपट्टणला, सिंडिकेट बँक १९२५ साली उडुपीला, विजया बँक १९३१ साली पुन्हा मंगळूरला, बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ साली पुण्याला आणि देना बँक १९३८ साली मुंबईत स्थापन झाली. प्रारंभीच्या काळात अशा बँकेचे चालक, नोकरवर्ग आणि खातेदार बहुधा एकाच मुलखातले, पुष्कळदा एकाच समाजातले असत. साहेब गप्प बसले तर त्याचा अर्थ काय, हे कारकुनाला कोणी शिकवावे लागत नसे. घरात वडील गप्प बसले म्हणजे जो अर्थ, तोच इथेही.

राष्ट्रीयीकरणानंतर हे चित्र पालटले. स्पर्धापरीक्षांनी आणि आरक्षणाने पूर्वी बंद असलेली दारे उघडली. आज मुंबईच्या एखाद्या शाखेत व्यवस्थापक तेलंगणातले, अधिकारी बिहारमधले, रोखपाल कोकणातला, कारकून स्त्री विदर्भातली आणि शिपाई साताऱ्याकडचा, हे दृश्य नवलाचे राहिलेले नाही. लोकशाहीच्या दृष्टीने ही मोठीच कमाई होय. मात्र तिची एक किंमत आहे. मौनाचा अर्थ आता एकच राहिलेला नाही.

साधी संबोधनाची गोष्ट घ्यावी. मराठीत ‘तुम्ही’ हा आदराचा शब्द. मराठी कारकून हिंदीत बोलताना सहजपणे त्याचा ‘तुम’ करतो आणि वरिष्ठांना ‘साहेब, तुम बोलो’ असे म्हणतो. त्याच्या लेखी तो पूर्ण आदराने बोललेला असतो. लखनौ-पाटण्याकडच्या अधिकाऱ्याला मात्र तो उद्धटपणा वाटतो, कारण वडीलधाऱ्याला तिकडे ‘आप’च म्हणायचे असते. उलट तो अधिकारी जेव्हा वर्षभर शेजारी बसूनही ‘आप’वरून खाली येत नाही, तेव्हा मराठी माणसाला त्यात परकेपणा जाणवतो. दोघांपैकी कोणीही नियम मोडलेला नाही आणि दोघांच्याही मनात अपमानाची नोंद झालेली आहे. बैठकीतही हेच घडते. कनिष्ठाचे न बोलणे हे एका प्रांताच्या रीतीने मर्यादा असते, दुसऱ्याच्या रीतीने संमती असते आणि तिसऱ्याच्या रीतीने ती निषेधाची सुरुवात असते.

रजेचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोकणातल्या माणसाला गणपतीत घरी गेलेच पाहिजे. बिहारच्या माणसाचे छठपूजेविना चालत नाही. कोणाला ओणम, कोणाला पोंगल, कोणाला ईद, कोणाला नाताळ, तर कोणाला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे असते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सर्वसाधारण सुट्ट्यांखेरीज यादीतून स्वतः निवडलेल्या दोन सुट्ट्या मिळतात. पण दोन दिवसांत कोकणातले गाव गाठून गौरी-गणपती आटोपत नाहीत आणि छठचे चार दिवसही बसत नाहीत. मग शाखाशाखांतून एक व्यवस्था आपोआप उभी राहते. छठच्या दिवसांत कोकणातला रोखपाल दुसऱ्याचे काम अंगावर घेतो, गणपतीत दुसरा त्याचे घेतो, आणि ईदच्या दिवशी दोघे मिळून तिसऱ्याची खिडकी सांभाळतात. हे कोठेही नोंदलेले नसते. जाणत्या व्यवस्थापकाच्या डोक्यात तो तक्ता असतो.

मग त्या व्यवस्थापकाची बदली होते. नवे साहेब येतात आणि भाद्रपद तोंडावर आला असताना विचारतात, ‘पाच दिवस रजा? कोणत्या नियमाने?’ नियमाच्या दृष्टीने त्यांचे काही चुकलेले नसते. परंतु ज्याने वर्षभर इतरांच्या खिडक्या सांभाळल्या, त्याच्या लेखी कर्ज बुडालेले असते. आणि ज्याच्याकडे त्याची वसुली करायची, तो माणूस शेकडो मैल दूरच्या शाखेत गेलेला असतो. अलिखित कराराचे मोठेपण आणि त्याचा दुबळेपणा या एका प्रसंगात एकत्र दिसतात. त्याने जे साधते ते कोणत्याही परिपत्रकाने साधले नसते. पण परिपत्रक जसे दप्तरात राहते, तसा तो राहत नाही.

अलिखित ते सारेच पवित्र नव्हे

एवढ्यावरून पूर्वीचे जिव्हाळ्याचे दिवसच बरे होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘आपल्यात हे असेच चालते’ या वाक्यातला ‘आपल्यात’ हा शब्द सर्वांना सामावून घेणारा कधीच नव्हता. कोणाला चांगले टेबल द्यायचे, कोणाचे नाव बढतीसाठी सुचवायचे, कोणाच्या डब्यातले खायचे, या गोष्टी न बोलता ठरत होत्या, तेव्हा त्या ठरविणारे कोण होते आणि दाराबाहेर कोण उभे होते, हे विसरता येत नाही. दलित कर्मचाऱ्याच्या दृष्टीने बिंदुनामावलीचा रूक्ष कागद हाच खरा आधार ठरला, कारण समजुतीच्या गोड व्यवहारात त्याच्या वाट्याला काहीच येत नव्हते. ज्याला रीत ठाऊक असते त्याला मौन सोयीचे. जो नवा आहे त्याला लेखी शब्द सोयीचा.

स्त्रियांचा अनुभवही हेच सांगतो. कचेरीत स्त्रीशी कसे वागावे, हे सभ्य माणसाला सांगावे लागत नाही, अशी समजूत वर्षानुवर्षे पुरेशी मानली गेली. राजस्थानात सरकारी योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या एका स्त्रीवर झालेल्या अत्याचारानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९७ साली ‘विशाखा’ निर्णयाने ती समजूत मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने कागदावर उतरली. तिचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. जे समजुतीवर सोडले होते, ते समजुतीने पाळले गेले नव्हते, हाच त्याचा अर्थ.

वडिलांच्या जागी मुलगा, ही तर आपल्याकडची सर्वांत खोल रुजलेली अलिखित अपेक्षा. सरकारला मायबाप म्हणण्याची सवय असलेल्या समाजात तिचे मूळ शोधणे कठीण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले की, अनुकंपा नियुक्ती हा वारसाहक्क नव्हे. घरातला कमावता माणूस अकस्मात गेल्यावर कोसळलेल्या कुटुंबाला सावरण्यापुरतीच तिची मर्यादा आहे. तरीही रेल्वेने सुरक्षेशी संबंधित काही पदांवरील कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने लवकर निवृत्त होऊन आपल्या जागी मुलाला नोकरी मिळवून देण्याची योजना काही वर्षे राबविली. २०१६ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्या घटनात्मकतेबद्दल प्रश्न उपस्थित केला आणि अखेर ती बंद झाली. घरातल्या मायेपोटी निर्माण झालेली ही अपेक्षा सार्वजनिक नोकरीत आली की, ज्यांच्या वडिलांना कधी नोकरीच नव्हती, अशा असंख्य मुलांपुढे ती भिंत होऊन उभी राहते.

अक्षर न मोडता मोडलेला शब्द

तेव्हा काही अपेक्षा नाकारण्याचा मालकाला अधिकार आहे. किंबहुना सार्वजनिक मालकाचे ते कर्तव्यच आहे. आक्षेप आहे तो नाकारण्याच्या पद्धतीला. लेखी कराराचे अक्षरही न मोडता अलिखित करार मोडण्याची कला आपल्या शासनसंस्थेला चांगली अवगत झालेली आहे.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण अनेक वाचकांच्या घरचेच असेल. केंद्र सरकारी नोकरीत १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून आणि सार्वजनिक बँकांत १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. कायद्याने पाहता यात कोणाची फसवणूक नाही. नव्या माणसाने नव्या अटींवरच सही केली होती. शिवाय निवृत्तिवेतनाचा भार सरकारी तिजोरीला पेलेनासा होत चालला होता, हेही खोटे नव्हे. तो भार ज्या करदात्यावर पडतो त्याला स्वतःला बहुधा कोणतेच निवृत्तिवेतन नसते. पण ‘सरकारी नोकरी’ या शब्दाचा लोकांच्या मनातला अर्थ अधिसूचनेच्या तारखेला बदलला नाही. मुलाला नोकरी लागली म्हणून पेढे वाटणाऱ्या आईबापांच्या लेखी त्या शब्दातच म्हातारपणची सोय होती. एकाच शाळेत, एकाच वर्गाच्या दोन तुकड्या शिकविणाऱ्या दोन शिक्षकांचे उतारवय केवळ रुजू होण्याच्या तारखेने वेगळे झाले. ही खदखद १४ ते २० मार्च २०२३ या काळात महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी व शिक्षकांच्या संपातून बाहेर पडली. पुढे १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारी एकीकृत योजना आणली. मधला मार्ग होता, तर मग तो शोधण्यास वीस वर्षे का लागावीत?

बँकांची कहाणी याला जोडूनच आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री देशातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरचे सात आठवडे बँक कर्मचाऱ्यांनी रात्री उशिरापर्यंत काम केले. १२ व १३ नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारीही शाखा उघड्या राहिल्या. लोकांचा राग त्यांनी काचेपलीकडून सोसला. आहेराच्या भाषेत बोलायचे तर हा मोठा आहेर होता. परतीचा काय मिळाला? १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. वर्षभराने, १ एप्रिल २०२० रोजी, आणखी दहा बँकांच्या चार झाल्या. २०१७ साली २७ असलेल्या सार्वजनिक बँकांची संख्या १२ वर आली. विजया-देना विलीनीकरणास मंजुरी देताना सेवाशर्तींना धक्का लागणार नाही व कोणाची नोकरी जाणार नाही, असे सरकारने जाहीर केले. ते आश्वासन मोलाचेच होते. परंतु मंगळुरी वळणाच्या कचेरीत वाढलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे आता कोणापुढे न्यायचे, कोणाच्या ‘बघू’चा अर्थ होकार आणि कोणाच्या ‘बघू’चा अर्थ नकार, ज्येष्ठतेचा जो मान शब्दाविना मिळत होता तो नव्या घरात मिळेल काय, यांपैकी काहीच ‘सेवाशर्ती’ या शब्दात बसत नव्हते. विलीनीकरण आवश्यक होते की नव्हते, हा निराळा वाद आहे. ज्यांचा संसार हलवायचा त्यांच्याशी त्या संसाराविषयी बोलावे, एवढी अपेक्षा मात्र कोणत्याही बाजूने अवाजवी म्हणता येणार नाही.

बोलून घेण्याची सवय

मग सगळेच लिहून काढावे काय? तसे करणे निरर्थक ठरेल. प्रत्येक भेटीची पावती मागितली की भेट उरत नाही, आणि प्रत्येक मदतीला कलम लावले की पुन्हा ‘नियमानुसार काम’ हाती येते. लिहिणे आणि गप्प बसणे यांच्या मधली एक वाट आहे, ती बोलण्याची.

वाटाघाटींची यंत्रणा आपल्याकडे नाही असे नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा १९६६ साली स्थापन झाली, आणि बँकांतील पहिला द्विपक्षीय करारही त्याच वर्षीचा. वेतन, भत्ते, कामाचे तास यांविषयी या मार्गाने पुष्कळ काही मिळाले. मात्र दिल्ली-मुंबईच्या टेबलावर येतात त्या मागण्या लिहिता येण्याजोग्या असतात. गणपती आणि छठ यांचा मेळ तिथे बसू शकत नाही. तो शाखेतच बसवावा लागतो. वर्षारंभी शाखेतल्या सर्वांनी एकत्र बसून कोणाला कोणते दिवस मोलाचे आहेत हे सांगावे आणि तो तक्ता व्यवस्थापकाच्या डोक्यातून भिंतीवर यावा, यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. बदलून येणाऱ्या साहेबांना तो तक्ता निदान दिसेल तरी.

भाषेचेही तसेच. कारकुनांच्या भरतीत त्या राज्याची भाषा येण्याची अट असते; देशभर फिरणाऱ्या अधिकाऱ्याची भाषा मात्र बदलीबरोबर बदलत नाही. त्याने ती आपण होऊन शिकावी, अशी मूक अपेक्षा ठेवायची आणि शिकला नाही की रोष धरायचा, यापेक्षा बँकेने त्यासाठी वेळ द्यावा, खर्च करावा आणि शिकलेल्याची नोंद घ्यावी, हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. जे देता येणार नाही त्याचा नकारही तितक्याच स्पष्टपणे प्रारंभीच द्यावा. बदली चुकणार नाही, मुलाला जागा मिळणार नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलेले कडू वाटते. विसाव्या वर्षी कळलेले विश्वासघातासारखे वाटते.

या साऱ्या व्यवहारात एक तिसरा पक्ष आहे, ज्याची सही कोणत्याही नेमणूकपत्रावर नसते. बचतगटाचे पासबुक घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईचाही बँकेशी एक अलिखित करार असतो. बँक सरकारी आहे तेव्हा पैसा बुडणार नाही, आणि आत बसलेला माणूस न रागावता, आपल्याला कळेल अशा भाषेत सांगेल, एवढीच तिची त्यातली दोन कलमे. पहिले कलम सरकार सांभाळते. दुसरे आत बसलेल्या माणसाच्या हाती असते. त्याच्या रजेचा, बदलीचा, म्हातारपणाचा शब्द ज्या दिवशी न बोलता मोडला जातो, त्या दिवशी तो संप करीत नाही, भांडत नाही. खिडकीवरची फळी वेळेवर, अगदी नियमानुसार, खाली ओढतो. रांगेतल्या त्या बाईला मात्र उद्या पुन्हा यावे लागते.